नकाराचे पत्र आल्यानंतर : अर्थशास्त्राच्या संशोधनाची वाट
(गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभातील व्याख्यानाचा मजकूर)



आताच दहावी-बारावीच्या मुलामुलींचा सत्कार झाला. पुष्पगुच्छ दिले, टाळ्या वाजल्या, आईवडिलांचे डोळे भरून आले. हे सर्व योग्यच झाले. परंतु मी आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्यांच्यासाठी कोणी टाळ्या वाजवीत नाही. ज्यांनी पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केला आणि ज्यांना नकार आला, त्यांच्याविषयी मला बोलायचे आहे. आयोजकांनी 'उच्च शिक्षणाच्या संधी' असा विषय दिला होता. त्या विषयाचा हा भाग सहसा कोणी बोलत नाही, म्हणून तोच घेतो.

आपल्याच अभ्यासिकेत बसून एम.ए. झालेली एक मुलगी आहे. तिच्या परवानगीने, नाव न घेता सांगतो. अर्थशास्त्राच्या पीएच.डी.साठी तिने सात ठिकाणी अर्ज केले. चार अमेरिकेत, दोन इंग्लंडात आणि एक आपल्या देशातील नामांकित संस्थेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये एकामागून एक सात नकार आले. प्रत्येक पत्रात भाषा तीच: यंदा फार चांगले अर्ज आले होते, आपणांस प्रवेश देता येत नाही याचे वाईट वाटते, आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा. वडिलांची दारव्ह्याकडे कोरडवाहू शेती. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "मंग आता कसं करतं वं बाई?"

या प्रश्नाला उत्तर हवे. हिंमत हरू नको, प्रयत्न करीत राहा, असे सांगून तो प्रश्न सुटत नाही. कारण त्या घरात एक वर्ष थांबणे म्हणजे एका पगाराचे वर्ष जाणे असते, आणि मुलगी असेल तर लग्नाचे बोलणेही त्याच वर्षात सुरू होते.

मित्रहो, परमपूज्य बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपल्या जवळजवळ प्रत्येक विहारात लावलेली असते. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बॅरिस्टर-ॲट-लॉ. सगळे एका ओळीत. ती ओळ वाचताना वाटते, एक पायरी संपली की लगेच दुसरी. त्या ओळीतल्या दोन पदव्यांच्या मध्ये जो स्वल्पविराम आहे त्यात किती वर्षे आणि किती अडथळे बसले आहेत, ते आपण मुलांना सांगत नाही. आज तेवढेच सांगतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तर ते तारखांसह लक्षात ठेवावे.

१९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. १९१६ मध्ये ते लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव नोंदविले. पुढच्याच वर्षी शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अर्धवट अभ्यास टाकून त्यांना परतावे लागले. प्रा. एडविन कॅनन यांच्या शिफारशीने विद्यापीठाने एक सवलत दिली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईत पोहोचले. वेगळ्या बोटीने पाठविलेली त्यांची पुस्तके मात्र पोहोचली नाहीत. ती बोट महायुद्धात बुडाली.

पुढे बडोद्यात काय झाले ते आपणां सर्वांना पाठ आहे. राहायला जागा मिळाली नाही, कचेरीत शिपाई फायली दुरून फेकीत. ते मुंबईला परत आले. शिकवण्या केल्या. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथेही त्यांनी प्राध्यापकांच्या माठातले पाणी घेण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. त्या पगारातून पैसे बाजूला काढले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले. १९२० च्या जुलैमध्ये ते पुन्हा लंडनच्या वाटेला लागले. चार वर्षांपैकी तीन वर्षे संपत आली होती.

१९२१ मध्ये एम.एस्सी. झाले. त्याच सुमारास जर्मनीतील बॉन विद्यापीठातही त्यांनी प्रवेशासाठी पत्रव्यवहार केला, आणि तो जर्मन भाषेत. एका दारापाशी उभे असतानाच दुसऱ्या दाराची चौकशी करून ठेवणे, ही गोष्ट मुलांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी डी.एस्सी.साठी सादर केला. आणि १९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांनी तो आहे त्या स्वरूपात न स्वीकारता पुन्हा लिहून आणण्यास सांगितले.

त्या क्षणाची कल्पना करा. वय ३१ पूर्ण. मुंबईत पत्नी, मुले, कर्ज. हातात पैसा उरलेला नाही. ज्या प्रबंधासाठी दुसऱ्यांदा समुद्र ओलांडला तो परत आलेला. लंडनला राहून दुरुस्ती करणे परवडत नव्हते. एप्रिलमध्ये ते मुंबईला आले. येथूनच प्रबंध पुन्हा लिहिला आणि ऑगस्टमध्ये लंडनला रवाना केला. नोव्हेंबर १९२३ मध्ये तो मान्य झाला आणि वर्षअखेरीस तो ग्रंथरूपाने लंडनमध्ये प्रसिद्धही झाला.

पुनर्लेखनात त्यांनी मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. चलनाच्या प्रश्नावर केन्सची जी भूमिका होती तिच्यावर त्या ग्रंथात टीका आहे, ब्रिटिश सरकारच्या चलननीतीवरही आहे. ती तशीच राहिली. दुसरी गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटते. या ग्रंथाची प्रस्तावना प्रा. कॅनन यांची आहे, आणि बाबासाहेबांचे अनेक मुद्दे आपल्याला पटत नाहीत असे त्यांनी तेथेच स्पष्ट लिहिले आहे. न पटणाऱ्या विद्यार्थ्याच्या मागे उभा राहणारा शिक्षक मिळणे हे भाग्य आहे. पण तो शिक्षक आपल्याला ओळखेल इतके काम त्याच्यासमोर आधी करावे लागते.

कोलंबियाची पीएच.डी. पदवी तर १९२७ साली मिळाली. तेथे पाऊल टाकल्यावर १४ वर्षांनी. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील प्रबंध आधी १९२५ मध्ये छापून प्रसिद्ध करावा लागला.

आता एक सावधगिरीची सूचना. "बाबासाहेबांनी केले, तुम्हीही करा" असे म्हणून मोकळे होणे मला आवडत नाही. हे आपण व्यासपीठावरून फार करतो. महापुरुषाचे नाव घेऊन मुलांच्या खांद्यावर ओझे ठेवायचे आणि आपण चहाला जायचे. त्या कथेतला कामाचा भाग एवढाच की नकार आल्यावर त्यांनी कोणती वस्तू दुरुस्त करायची ते शोधले, मधल्या वर्षांत पैसा आणि अभ्यास दोन्ही गोळा केले, आणि मुदतीच्या आत परत गेले. ही तीन कामे आजचा विद्यार्थीही करू शकतो. मात्र शाहू महाराजांची आणि भथेनांची जागा कोणी तरी घेतली पाहिजे. त्याकडे शेवटी येतो.

प्रथम, नकार म्हणजे काय ते समजून घ्या. अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात पीएच.डी.च्या जागा साधारण वीस-पंचवीस असतात आणि जगभरातून अर्ज शेकड्यांनी येतात. बहुतेक ठिकाणी प्रवेश मिळालेल्याला शुल्क माफ होते व निर्वाहभत्ता मिळतो, म्हणून निधी घटला की जागाही घटतात. २०२५ मध्ये संशोधनाचा सरकारी निधी कमी झाल्यामुळे तेथील अनेक विद्यापीठांनी प्रवेश कमी केले. तेव्हा तुमच्या अर्जावर जो निर्णय झाला तो त्या वर्षीच्या, त्या ढिगातल्या एका फाइलीवरचा निर्णय आहे. विद्यापीठे कारण कळवीत नाहीत. ते आपणच शोधायचे असते. आणि आपल्याकडच्या फायलींत ते बहुधा तीन जागांपैकी एका जागी सापडते.

पहिली जागा गणित. आपल्या भागात एम.ए. अर्थशास्त्र हा 'लिहिण्याचा' विषय समजतात. गाइड पाठ करायचे, वीस गुणांचा प्रश्न चार पाने भरून लिहायचा. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात मात्र पहिल्या दिवसापासून गणिताच्या भाषेत शिकवितात. कलनशास्त्र, रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि संख्याशास्त्र हे हवेच. वास्तव विश्लेषण म्हणजे सिद्धतांचे गणित झाले असेल तर फारच उत्तम. प्रवेश समिती गुणपत्रिकेत हे विषय शोधते आणि ते नसतील तर ७५ टक्के गुणांचाही उपयोग होत नाही. ज्या मुलीविषयी बोललो तिच्या गुणपत्रिकेत बारावीनंतर गणित नव्हते. सात नकारांपैकी निदान चारांचे कारण तेथेच असावे असे मला वाटते. हा बुद्धीचा दोष नव्हे, अभ्यासक्रमातली ती पोकळी आहे, आणि ती एका वर्षात बऱ्याच अंशी भरता येते. 'स्वयम्' आणि एन.पी.टी.ई.एल. वर आयआयटीच्या प्राध्यापकांचे पाठ फुकट आहेत. माफक शुल्क भरून परीक्षा दिली तर प्रमाणपत्रही मिळते.

दुसरी जागा शिफारसपत्रे. तीन लागतात. आपल्याकडची शिफारसपत्रे कशी असतात ते सर्वांना ठाऊक आहे. "सदर विद्यार्थिनी अत्यंत मनमिळाऊ, आज्ञाधारक व उत्तम चारित्र्याची असून तिच्या उज्ज्वल भवितव्यासाठी हार्दिक शुभेच्छा." हे पत्र लग्नाच्या बायोडाट्याला जोडायला ठीक आहे. प्रवेश समितीला आज्ञाधारकपणाशी कर्तव्य नसते. या मुलीने कोणता प्रश्न स्वतः सोडविला, आकडेवारीत काय चूक शोधली, वर्गात ती पहिल्या पाचांत होती की पहिल्या पन्नासांत, एवढे त्यांना हवे असते. असे पत्र लिहिता यावे म्हणून शिक्षकाबरोबर काही महिने प्रत्यक्ष संशोधनाचे काम करावे लागते. प्रा. सेलिग्मन यांनी बाबासाहेबांसाठी लंडनला पत्रे पाठविली ती कोलंबियातले काम पाहून.

तिसरी जागा उद्देशपत्र. 'मला देशाची सेवा करायची आहे, समाजाचे ऋण फेडायचे आहे' असे दीड पान लिहिलेले असते. भावना खरी आहे, पण त्यात संशोधनाचा प्रश्न कोठे आहे? आणि यवतमाळच्या मुलाने प्रश्न शोधायला लांब जावे लागू नये! राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ मध्ये सुरू झाली. पुढे ती संपल्यावर शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या भावाचे काय झाले? बीटी कापसाला २००२ मध्ये मान्यता मिळाली. बियाणे आणि फवारणी यांवरचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याने कोणत्या कर्जातून भागविला? २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यात आपला जिल्हा होता. त्यातले भूमिहीन मजुराच्या घरी काय पोहोचले? २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. जोखमीचे काम कोण पत्करतो आणि त्याची मजुरी कशी ठरते? हे सर्व अर्थशास्त्राचे प्रश्न आहेत. शिकागोच्या विद्यार्थ्याला ते पुस्तकातून समजून घ्यावे लागतील. तुम्ही ते अंगणात पाहिलेले आहेत.

आता नकारानंतरच्या वर्षात करायचे काय?

एक मार्ग संशोधन सहायकाचा. अमेरिकेत तर आता पीएच.डी.पूर्वी एक-दोन वर्षे असे काम करणे ही रीतच झाली आहे. आपल्या देशात जे-पाल साउथ एशियासारख्या संस्था प्रत्यक्ष गावांत पाहणी करून संशोधन करतात. त्या संस्थेचे संस्थापक अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पुण्याची गोखले संस्था १९३० पासून शेती-अर्थशास्त्राचे काम करते आहे. अशा कामात मराठी येणे, गावात बसून प्रश्नावली भरून घेता येणे हे भांडवल आहे. इंग्रजी कच्चे म्हणून लाजणाऱ्या मुलाला हे कोणी सांगत नाही. पगार मिळतो आणि शिफारसपत्रही मिळते.

दुसरा मार्ग गणिताचा पाया पक्का करणारी दुसरी एम.ए. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, जे.एन.यू., मुंबईची रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था. "एक एम.ए. झाली, आता पुन्हा एम.ए.?" असे नातेवाईक विचारतील. विचारू द्या.

तिसरा मार्ग देशातल्या देशात पीएच.डी.चा. वर्षातून दोनदा नेट होते. मार्च २०२४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नेटच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेशाची सोय जाहीर केली. जे.आर.एफ. मिळाली नाही तरी 'केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र' अशी स्वतंत्र श्रेणी आहे. तेथे नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन आहे, आणि ते गुण एकच वर्ष चालतात. जे.आर.एफ. मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये आहेत. अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आणि बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. बार्टीच्या रकमेसाठी मुलांना आंदोलने करावी लागली, तेव्हा त्या पैशावर घर चालविण्याचा हिशेब मांडू नये, असे मी रोखठोक सांगतो. परदेशासाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. दोन्हींत विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकाची अट आहे. ती आधी पाहा, मग विद्यापीठ निवडा. बरीच मुले उलट करतात.

आणि विषयाचे दारही थोडे उघडे ठेवा. कृषी अर्थशास्त्र, लोकनीती, विकास अध्ययन येथेही तेच प्रश्न अभ्यासता येतात. बाबासाहेब अर्थशास्त्राचे विद्यार्थी असतानाच १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवरचा निबंध वाचला, तो आज जगभर वाचला जातो. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील महिमापूरचे डॉ. सुखदेव थोरात औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातून जे.एन.यू.त गेले, अर्थतज्ज्ञ झाले आणि २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. जातिभेदाचा बाजारपेठेवर होणारा परिणाम हा त्यांच्या अभ्यासाचा मोठा भाग आहे.

एका गोष्टीपासून मात्र सांभाळा. नकारानंतर मन हळवे झालेले असते आणि नेमके तेव्हाच 'आम्ही प्रवेश मिळवून देतो', 'प्रबंध लिहून देतो' म्हणणारे फोन येतात. शेत गहाण ठेवून अशांना पैसे देऊ नका.

आता आपल्या संस्थेविषयी. समाजबांधवहो, दहावीच्या मुलाला आपण पाचशे रुपयांचे पाकीट देतो. चांगली प्रथा आहे. परंतु परदेशातील एका अर्जाला साधारण ७५ ते १२५ डॉलर पडतात. जी.आर.ई.चे शुल्क वेगळे, इंग्रजीच्या परीक्षेचे वेगळे. काही विद्यापीठे विनंती केल्यास अर्जाचे शुल्क माफ करतात, पण विनंती करता येते हेच मुलांना माहीत नसते. एकदा नकार आल्यावर दुसऱ्यांदा हा खर्च मागण्याची हिंमत कोणत्याही मुलीला होत नाही. म्हणजे तिचे शिक्षण बुद्धीअभावी थांबत नाही, दुसऱ्या अर्जाच्या शुल्काअभावी थांबते. माझी कार्यकारिणीला विनंती आहे की या स्मरणिकेच्या जाहिरातींतून जी रक्कम शिल्लक राहील तिचा एक भाग दुसऱ्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी राखून ठेवावा. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला घरचे कसेबसे देतात. दुसऱ्यांदा समाजाने द्यावे. ही रक्कम परतफेडीची असावी की नाही, यावर कार्यकारिणीत मतभेद होतील. माझे मत आहे, नोकरी लागल्यावर परत करावी आणि तीच पुढच्या मुलाला मिळावी. यवतमाळातूनच काम सुरू केलेले एकलव्य इंडिया फाउंडेशन पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना प्रवेशासाठी मार्गदर्शन करते. तेथेही मुलांनी जरूर जावे.

माझ्यापुरते सांगायचे तर, पुढच्या रविवारपासून अभ्यासिकेत गणिताचा वर्ग घेतो. वेळ सकाळी अकराची ठेवली आहे, म्हणजे घाटंजी, कळंब, बाभूळगावकडच्या मुलांना सकाळच्या एस.टी.ने येता येईल आणि दुपारच्या गाडीने परत जाता येईल. अवकलनापासून सुरुवात करू. वही दोनशे पानी आणावी. ज्यांना नकार आले असतील त्यांनी आपला अर्ज, उद्देशपत्र आणि गुणपत्रिकेची प्रत बरोबर आणावी. एकेकाची फाइल उघडून पाहू. ती सात नकारांची मुलगी पहिल्या वर्गाला येणार आहे, आणि नवीन मुलांना संख्याशास्त्राचा भाग तीच शिकविणार आहे.

जयभीम.